धुवणाचं सोवळं

संक्रांत होऊन आठवडा उलटला आणि सबनिसांच्या घरातल्या तांदळाच्या धुवणाने आंघोळीच्या पाण्याबरोबर एका पाइपातून जायला नकार दिला.

नकार सभ्य शब्दांत होता. सबनिसांच्या बायकोने, कुंदाताईंनी, नेहमीसारखे तांदूळ धुतले आणि धुवण मोरीत ओतलं, तर ते जाळीपर्यंत येऊन थांबलं. खाली उतरेना. त्यांनी खराट्याची काडी घालून पाहिली. जाळीत ना केस होते ना भाताचं शीत. मग धुवणच म्हणालं, "जरा साहेबांना बोलवता का?"

सबनीस पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. पाणी दोनच कारणांनी अडतं, एक गाळाने आणि दुसरं माणसाने, असं ते नोकरीभर सांगत आले होते. पाणी स्वतःहून अडल्याचा अनुभव त्यांना नव्हता. पण म्हणून ते चकित वगैरे झाले नाहीत. खात्यात असताना याहून विचित्र गोष्टींवर त्यांनी सह्या केल्या होत्या. ते चष्मा पुसत मोरीशी आले आणि पाटावर बसले.

"काय अडचण आहे?"

"अडचण नाही," धुवण म्हणालं. "तत्त्वाचा प्रश्न आहे. या पाइपातून आंघोळीचं पाणी जातं."

"ते तर पहिल्यापासून जातंय."

"आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"आंघोळीच्या पाण्याबद्दल तुमची काही तक्रार आहे का?"

"छे हो, तक्रार कसली! स्वभावाने फार चांगलं. टाकीत आम्ही शेजारी शेजारीच होतो, अजूनही घरोबा आहे. पण एका पाइपातून जायचं म्हणजे... तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला काय सांगायचं."

सबनिसांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. कुंदाताईंना मात्र ते लगेच पटलं. "त्याचं काही चुकीचं नाही," त्या पदर खोचत म्हणाल्या. "नैवेद्याच्या तांदळाचं आहे ते."

आता सबनिसांना या धुवणाचं एवढं अगत्य का, ते सांगायला हवं. त्यांचं गाव तालुक्याचं, पण पावसाच्या नावाने ठणठणाट. नळ आठ दिवसांतून एकदा यायचा, तोही रुसल्यासारखा. अशा गावात सबनिसांनी घराभोवती बाग फुलवली होती, ती सगळी सांडपाण्यावर. आंघोळीचं, कपड्यांचं, भाज्या-तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी एका पाइपातून मागच्या हौदात यायचं. हौदात खडी, कोळसा आणि वाळू. तिथून ते कर्दळीच्या वाफ्यातून झिरपायचं आणि मग बागेला मिळायचं. झाडांना सोसावं म्हणून सबनिसांनी घरात शाम्पू बंद करून रिठा आणला होता. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला हौद दाखवायचा, हा या घरचा शिरस्ता. "पाणी एकदा वापरलं की वाया जात नाही, शहाणं होतं," हे वाक्य पाहुण्याला ऐकावंच लागे.

या सगळ्या पाण्याच्या शेवटच्या टोकाला, फाटकाच्या आत, हापूसचं कलम होतं. रत्नागिरीहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. यंदा ते पहिल्यांदा मोहरलं होतं. सबनिसांनी उभी नोकरी ज्या कालव्यावर काढली, त्या कालव्याच्या शेवटच्या गावाला पाणी कधी पोचलंच नाही. वरची गावं मधल्यामधे उपसून घेत, आणि शेवटच्या गावचे लोक दरवर्षी साहेबांच्या टेबलासमोर नुसते उभे राहत, काही बोलत नसत. ती माणसं सबनिसांना अजून आठवत. निदान आपल्या घरात तरी टोकाला पाणी पोचावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि पोचलं की नाही हे ते कलम सांगणार होतं. ते रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहत. देवापुढे इतका वेळ उभे राहत नसत.

म्हणून त्यांनी वाद घातला नाही. प्लंबर हनीफला बोलावलं आणि धुवणाला वेगळा पाइप टाकून दिला.

हनीफने काम समजून घेतलं आणि मान डोलावली. "वरच्या आळीत एकांकडे डाळीचं पाणी तांदळाच्या पाण्याशी बोलत नाही," तो पाना शोधत म्हणाला. "तिथं पण वेगळीच लाइन टाकली. आता पीव्हीसी मिळंना झालंय."

धुवण नव्या पाइपातून गेलं. जाताना त्याने आभारही मानले. पण या वेगळ्या पाइपाची बातमी न्हाणीघरात पोचायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्याच दिवशी आंघोळीचं पाणी तुंबून राहिलं. धुवणाने वेगळं राहावं यात आपल्याला काहीच गैर वाटत नाही, ते म्हणालं, त्यांचा मान मोठाच आहे. पण मग आपल्यालाही कपड्यांच्या पाण्याबरोबर जाणं शोभणार नाही. पुन्हा हनीफ आला.

आठवड्याभराने आंघोळीच्या पाण्यातच दुफळी झाली. कुंदाताई सकाळी डोक्यावरून न्हाऊन पूजेला बसत, ते पाणी म्हणालं की साहेबांच्या आंघोळीच्या पाण्याबरोबर आपल्याला घालू नये. साहेब दाढी करून न्हातात, आणि न्हाताना चहाचा कप खिडकीत असतो. नवरा-बायकोच्या आंघोळीचं पाणी दोन पाइपांतून जायला लागलं, हे सबनिसांना जरा लागलं. कुंदाताई मात्र त्या दिवशी पूजेनंतर जरा ताठ चालत होत्या.

कपड्यांच्या पाण्याला वरच्या सगळ्यांचा राग होता. "अंगावरचा मळ त्यांचा आणि नाव आमचं," असं ते तिन्हीत्रिकाळ बडबडे. पण फरशी पुसलेल्या पाण्याचा विषय निघाला की तेही एकदम खालच्या आवाजात म्हणे, "नाही, तिथे मात्र काहीतरी मर्यादा हवी."

फरशीच्या पाण्याचा प्रश्न खरं तर नव्हताच. त्याला पाइप कधी नव्हता. सगुणाबाई फरशी पुसून झाली की बादली उचलून मागच्या दाराने बोळात न्यायच्या आणि गटारात रिकामी करायच्या. सगुणाबाई या घरी कुंदाताईंचं लग्न झालं तेव्हापासूनच्या. घरातला कण नि कण त्यांच्या हाताखालून जाई. त्यांचा स्टीलचा ग्लास तेवढा घरात नव्हता. तो मागच्या कुंपणाच्या भिंतीवर पालथा असे. त्यांना तहान लागली की कुंदाताई तांब्या घेऊन दारात येत आणि वरून, ग्लासाला तांब्या न लागेल अशा बेताने, पाणी घालत. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा एक थेंबही बाहेर सांडत नसे. सबनीस हे रोज पाहत. पाण्याची इतकी बिनचूक वाटणी त्यांच्या खात्यालाही कधी जमली नव्हती, पण त्यांनी त्यावर विचार असा केला नव्हता.

होळी झाली तेव्हा मागची भिंत पाइपांनी भरून गेली होती. प्रत्येक पाण्याला आपलं झाडही ठरवून मिळालं होतं. धुवण तुळशीला आणि जास्वंदीला. कुंदाताईंचं पाणी मोगऱ्याला. साहेबांचं पाणी वांग्यांना. कपड्यांचं केळीला. हौदात कुणीच उतरत नव्हतं, कारण हौदात सगळे एकत्र येतात. कोळसा कोरडा पडला, कर्दळ पिवळी झाली. आणि कलमाला पाणी जायचं ते हौदातून, सगळ्यांचं मिळून. एकेकटं पाणी तिथपर्यंत पोचण्याइतकं कुणाचंच नव्हतं. लिंबाएवढ्या झालेल्या कैऱ्या गळायला लागल्या. सबनीस रोज सकाळी त्या वेचून खिशात घालत. कुंदाताईंनी लोणच्याला मागितल्या तर त्यांनी दिल्या नाहीत.

शेवटी एका दुपारी त्यांनी सगळ्या पाण्यांना मागच्या अंगणात बोलावलं. बादल्या, घंगाळं आणि पातेली ओळीने मांडली. ओळीतही कुणी कुणाच्या शेजारी बसायचं यावर अर्धा तास गेला. कुंदाताई पायरीवर बसल्या. सगुणाबाई भांडी घासत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि जा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

सबनिसांनी खात्याच्या पद्धतीने सुरुवात केली. "आपण सगळे एकाच टाकीतून आलो आहोत..." ते म्हणाले.

"आलो असू," धुवण शांतपणे म्हणालं. "त्याचं आता काय?"

"म्हणजे मूळचं पाणी एकच आहे."

"मूळचं एकच आहे हे आम्हीही मानतो. दरवर्षी एक दिवस त्यावर भाषणही करू हवं तर. पण भाषण झाल्यावर ज्याने त्याने आपल्या पाइपात जायचं."

आंघोळीची दोन्ही पाणी "बरोबर आहे" म्हणाली. त्या दोघांचं एकमत बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

सबनिसांचा आवाज चढला. "अहो, पण नळातून आलात तेव्हा तुमच्यात हे काही नव्हतं. हे शिकलात कुठे?"

"इथेच," धुवण म्हणालं. "नळातून आलो तेव्हा आम्हाला वर-खाली काही कळत नव्हतं. उतार दिसला की धावायचं, एवढंच माहीत. तुमच्या घरात आलो, तांब्यात बसलो. ताई आम्हाला रोज दारात न्यायच्या आणि सगुणाबाईंच्या ग्लासात उंचावरून सोडायच्या. आम्ही जाता जाता विचार करायचो, की एवढ्या उंचावरून का? मग आमच्या लक्षात आलं."

अंगणात भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला नाही.

कुंदाताई म्हणाल्या, "ती स्वच्छतेची गोष्ट आहे."

"आमचीही स्वच्छतेचीच," धुवण म्हणालं.

सबनिसांनी ओळीच्या शेवटी, जरा लांब ठेवलेल्या फरशीच्या बादलीकडे पाहिलं. ही बादली चांगली भरलेली होती. एकटीच कलमापर्यंत पुरली असती.

"तुम्ही जाल का कलमाला?" त्यांनी विचारलं.

"जाईन की," फरशीचं पाणी म्हणालं. "पण कलम जळेल. माझ्यात फिनेल आहे."

"फिनेल नाही घातलं तर?"

"तर बरंच होईल. फिनेल काही मी मागून घेत नाही."

सबनिसांनी बायकोकडे पाहिलं. कुंदाताईंनी नजर मोगऱ्याकडे वळवली. फिनेलशिवाय फरशी पुसली असं या घरात होणं शक्य नव्हतं, आणि ते एका झाकणाऐवजी दोन झाकणं का पडतं हेही सबनिसांना माहीत होतं. सगुणाबाई ज्या खोल्यांतून केर काढत फिरायच्या, त्याच खोल्या मागून फिनेलने पुसून घ्यायच्या असत.

"एखादा महिना चालवून घे," ते हळूच म्हणाले. "कैऱ्या मोठ्या होईपर्यंत."

"कैऱ्या बाजारात मिळतात," कुंदाताई म्हणाल्या.

सभा संपली. त्या संध्याकाळी सबनीस जेवले नाहीत. त्यांना बायकोचा राग आला होता, आणि आपण इतकी वर्षं तो तांब्या नुसता पाहत राहिलो याचाही आला होता. पण पहिला राग करायला सोपा होता, म्हणून त्यांनी तोच केला.

पुढचा नळाचा दिवस आला. कॉलनीत नेहमीची पळापळ सुरू झाली, ड्रम, हंडे, मोटारी. शेजारी पाणी आलं. समोर आलं. सबनिसांच्या फाटकापर्यंत पाइपात खळखळ ऐकू आली आणि थांबली. सबनिसांनी मीटरचं झाकण उघडलं, व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. सगळं व्यवस्थित होतं. इतक्यात रस्त्याच्या कडेला पाइपाचा जोड सुटला आणि पाणी माणसाच्या उंचीएवढं वर येऊन फाटकाबाहेर उभं राहिलं. स्वच्छ, थंड, नुकतंच आलेलं.

"नमस्कार," नळाचं पाणी म्हणालं. "आम्ही आत येणार नाही."

"का बरं?"

"तुमच्या फरशीच्या पाण्याची आणि आमची गाठ पडते, पुढे गटाराच्या वळणावर. त्यांनीच सांगितलं. या घरात आलेलं पाणी ओवळं होऊनच बाहेर पडतं. कुणी तांदळाने होतं, कुणी अंगाने, कुणी कपड्यांनी. आम्ही नीट चौकशी केली. तांदूळ तुमचे, अंग तुमचं, कपडे तुमचे. तेव्हा मूळ कारण काय ते लक्षात आलं."

सबनीस पाणीवाटपाचे नियम कोळून प्यायलेले होते. ते म्हणाले, "पाणी नाकारता येत नाही कुणाला. कायदा आहे."

"नाकारतंय कोण?" पाण्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "कुणाला तहानलेलं ठेवणं आमच्यात बसत नाही. तुमच्याबद्दल मनात काही नाही. माणसं तुम्ही फार चांगली आहात. फक्त आम्ही आत येणार नाही आणि तुमच्या भांड्याला शिवणार नाही. तुम्ही फाटकाशी बसा, ओंजळ करा. आम्ही वरून घालू."

कुंदाताई घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. दुपारपर्यंत त्या आत होत्या. दिवस चैत्रातले. माठ आधीच तळाला गेला होता. चार वाजता दार उघडलं, त्या डोक्यावरून पदर घेऊन आल्या, कलमाशेजारी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी हात जोडून ओंजळ केली. त्यांचा घसा कोरडा पडला होता आणि डोळे भरले होते. शेजारच्या गच्चीवर लोक कपडे वाळत घालायच्या निमित्ताने उभे होते.

पाणी वरून आलं. घोटभर पोटात गेलं, बाकीचं कोपरावरून ओघळलं.

"जरा खालून घालता का?" कुंदाताई म्हणाल्या. "अंगावर सांडतंय."

"खालून घातलं तर शिंतोडे उडतात," पाणी अदबीने म्हणालं.

कॉलनी चार दिवस बोलली, मग विसरली. वरच्या आळीत, जिथे डाळ आणि तांदूळ बोलत नव्हते, तिथेही पाणी फाटकाशीच थांबायला लागलं होतं, त्यामुळे सबनिसांचं विशेष असं काही राहिलं नाही. नळाच्या पाण्याने त्यांच्यासाठी दिवसातून दोन वेळा ठरवून दिल्या आणि त्या कधी चुकवल्या नाहीत. आठ दिवसांची वाट पाहण्याची कटकट गेली, असं सबनीस लोकांना सांगत. कुंदाताई तांदूळ पदरात घेऊन फाटकाशी येत, पाणी वरून ओंजळीत पडे, तांदूळ तिथेच धुतले जात. कपडे तिथेच. सबनीस पंचा लावून तिथेच आंघोळ करत, चहाच्या कपाशिवाय. फरशी पुसायचं फडकंही तिथेच पिळलं जाई. फिनेलची बाटली आतल्या कपाटात राहिली, कारण फाटकाशी फिनेल आणायला पाण्याने मनाई केली होती. वास येतो, ते म्हणालं.

आणि तिथे पडलेलं सगळं पाणी, तांदळाचं, अंगाचं, कपड्यांचं, फडक्याचं, उतार होता तिकडे गेलं. उतार कलमाकडे होता. कुणी अडलं नाही की कुणी मागे सरलं नाही. घरात न गेल्यामुळे त्या पाण्याला काही शिकायलाच मिळालं नव्हतं.

वैशाखात कलमावर उरलेले आंबे टिकले, मोठे झाले, देठाशी पिवळे पडले. सबनिसांनी पहिला उतरवला आणि तळहातावर घेऊन बराच वेळ उभे राहिले. त्यांना शेवटच्या गावचे ते न बोलणारे लोक आठवले. टोकाला पाणी पोचलं होतं. फक्त पाणी आणि टोक यांच्यामध्ये ते स्वतः ओंजळ धरून बसले होते. हे कुणाला सांगायचं म्हणजे अवघडच होतं, म्हणून त्यांनी आंबा हुंगला आणि खिशात ठेवला.

मागचे पाइप हनीफ काढून घेऊन गेला. त्याला दुसरीकडे हवे होते.

एका सकाळी कुंदाताई पाण्याला म्हणाल्या, "ओंजळीतून फार सांडतं. पोट भरत नाही."

"मग तुमचा वेगळा ग्लास ठेवा," पाणी म्हणालं. "आमची हरकत नाही. फक्त घरात नेऊ नका. बाहेर भिंतीवर ठेवा. आणि धुऊन, पालथा."

कुंदाताईंनी कपाटातून चांदीचा ग्लास काढला, मुलीच्या बारशाचा, नाव कोरलेला. पाणी प्यायल्या, ग्लास विसळला. फाटकाच्या खांबाचा माथा निमुळता होता, तिथे तो राहीना. म्हणून त्या मागच्या बाजूला गेल्या आणि तिथल्या भिंतीवर त्यांनी तो पालथा घातला.

सगुणाबाई नुकत्याच कामाला आल्या होत्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग कुंदाताईंकडे. हसल्या नाहीत. आपला स्टीलचा ग्लास त्यांनी थोडा बाजूला सरकवला आणि शेजारी जागा केली.

"तिथं नका ठिवू ताई," त्या म्हणाल्या. "दुपारचं ऊन येतं तिथं. गिलास तापतो आन् व्हट भाजत्यात. हिकडं सावलीला ठिवा."

कुंदाताईंनी ग्लास उचलून सावलीला ठेवला.